न दिलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. दोनदा तोंड उघडलं होतं — एकदा तापात असताना, एकदा उगाचच, मेथी निवडताना — आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गप्प बसले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

माझं काम काय आहे ते आधी सांगते. मी मृत्यूंबद्दल शिकवते. विचित्र वाटतं ऐकायला, पण तेच काम आहे. आरोग्याच्या पाहणीसाठी गावोगाव जाणाऱ्या मुलामुलींना मी तयार करते. कुठल्या देशात माणसं जास्त जगतात, कुठे लवकर जातात, कुठे बाळंतपणात बाया मरतात आणि कुठे जवळजवळ मरतच नाहीत — आणि असं का. मी फळ्यावर दोन बायका काढते. एक श्रीमंत देशातली, एक गरीब देशातली. दोघी गरोदर, दोघींना एकच दुखणं. एक आठवड्याभरात बाळ घेऊन घरी जाते. दुसरी जात नाही. औषध तर जुनंच आहे, महागही नाही. मग फरक कशाने पडला? मुलं हात वर करतात. रस्ता. शिक्षण. मजुरी. दवाखान्याचं अंतर. घरात कुणाचं चालतं. मी एकेक उत्तर लिहून घेते. त्यातलं एकही चूक नसतं.

आणखी एक उत्तर आहे. ते मी कधी लिहिलेलं नाही.

मी मूळची नेऱ्याची. आमची शेती होती, म्हणजे अजून थोडी आहे. हिंजवडी वाढली तसं वडिलांनी एक तुकडा विकला, घरावर दोन मजले चढवले आणि कंपन्यांतल्या मुलांना खोल्या भाड्याने दिल्या. माझं शिक्षण झालं, दादाचं लग्न झालं, दारात गाडी आली. अकरा वर्षांपूर्वी मला पहिली नोकरी लागली, तीही अशाच एका पाहणीत. वेगवेगळ्या देशांत एकच प्रश्नावली घेऊन लोक घरोघर जात होते, आणि मुळशीचा ताम्हिणीकडचा भाग माझ्याकडे होता. सोबत एक टॅबलेट, एक चिठ्ठ्यांचं पुस्तक आणि पाठीवरची बॅग. मला अभिमान होता त्या कामाचा. आमच्याच तालुक्यात असून मी तो भाग कधी नीट पाहिला नव्हता.

नियम साधा होता. गरोदर बाईच्या अंगावर धोक्याची लक्षणं दिसली — चेहऱ्यावर, पायांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं — तर चिठ्ठी भरायची. वरचा भाग बाईच्या हातात द्यायचा, खालचा पुस्तकात ठेवायचा. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना फोन करायचा. आणि त्या नाहीतर गावातली आशाताई येईपर्यंत तिथून हलायचं नाही. प्रशिक्षणात हे आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

श्रावणातला शनिवार होता. ताम्हिणीत पाऊस कसा असतो ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पडतो असं म्हणवत नाही, तो नुसता असतो. रस्ता सोडून वर चढलं की पाऊण तासावर सहा घरांची वाडी आहे. त्यातलं शेवटचं घर किसनचं. किसन खाली रस्त्यावरच्या ढाब्यावर भांडी घासायचा. शनिवार-रविवार पुण्याहून धबधबे बघायला गाड्यांची रांग लागते, त्यामुळे तो दोन्ही दिवस खालीच असे. त्याची आई हौसाबाई शेजारच्या खाचरात भाताच्या बेणणीला, तण काढायला, गेली होती. घरात त्याची बायको संगीता आणि चार वर्षांची मुलगी.

संगीताला सातवा महिना होता. माझ्याहून लहान होती ती. डोक्याला फडकं करकचून आवळलेलं. पायात नवऱ्याची चप्पल. मी विचारलं, तर म्हणाली, "माजी बसंना झालीया, आट दिस झालं." मी वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. तसाच राहिला.

"डोळ्याम्होरं चमकतं का काही?"

"काजवं चमकत्यात की. पर पाऊस लई हाय न्हवं ताई, चुलीचा धूर कोंडतो हितं. त्येनं आसंल."

धुराने नव्हतं. ते मला कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे मीच ते विसरल्यासारखं वागणार आहे. मला तिथे, त्या उंबऱ्यावर, पूर्ण कळलं होतं.

मग मी काय केलं? घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी होते. खालून पौडकडे जाणारं शेवटचं वडाप चारला निघायचं, एकात एक बसलेल्या माणसांनी भरलेली जीप. ते चुकलं असतं तर मुक्काम पडला असता. वाडीत फोन लागत नव्हता. आशाताई ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची, जायला अर्धा तास, ओढ्याला पाणी असेल तर त्याहून जास्त. चिठ्ठ्यांचं पुस्तक बॅगेत तीन पिशव्यांत गुंडाळलेलं होतं, ते काढायचं म्हणजे सगळं सोडून बसायचं. आणि संध्याकाळी घरी वहिनीचं डोहाळजेवण होतं. माझ्या एकुलत्या एका भावाच्या बायकोचं. हिरवी साडी मीच आणली होती तिच्यासाठी.

मी संगीताला म्हणाले, "पाय उंचावर ठेवून झोपत जा. मीठ कमी खा. मी नर्सबाईंना सांगते."

"सांगा बरं का," ती म्हणाली. "पाऊस उगडला की जाईन म्या दवाखान्यात. च्या टाकते, बसा की वाईच."

मी बसले नाही. मुलीच्या हातात लिमलेटची गोळी ठेवली आणि निघाले.

वडापात बसल्यावर टॅबलेट उघडला. तिची लक्षणं मी खरी भरली होती, आणि लक्षणं भरली की पुढचा प्रश्न आपोआप यायचा — चिठ्ठी दिली का? 'नाही' म्हटलं तर कारण मागायचा, आणि आमच्या मॅडमकडे लगेच निरोप जायचा. मी 'हो' वर बोट ठेवलं. मग पुस्तक काढून, गाडी हिंदकळत असताना, वेड्यावाकड्या अक्षरात चिठ्ठी भरली. खालचा भाग पुस्तकात राहिला. वरचा भाग पर्समध्ये. मी स्वतःला काय सांगितलं असेल? की उद्या नर्सबाईंना फोन करू, चिठ्ठी नंतर पोचवू, एका दिवसाने काय होतंय? असंच काहीतरी. सगळेच सांगतात स्वतःला.

इथवर सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं. माणूस दमतो, कंटाळतो, चुकतो, असं तुम्ही म्हणू शकाल. म्हणू नका. पुढचं ऐका.

सहाच्या सुमारास घरी पोचले. अंगण बायकांनी भरलं होतं, वहिनी फुलांच्या वाडीत नटून पाटावर बसलेली. मी ओटी भरायला खाली वाकले आणि तिचे पाय दिसले. जोडवी मांसात रुतली होती. मी अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. "वहिनी, डोकं दुखतंय का?" ती हसून म्हणाली, "सकाळपासून ठणकतंय, पण आजच्या दिवशी कुठं सांगू?" मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि ओरडले, "दादा, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

आई रागावली. बायका कुजबुजल्या, भरल्या पाटावरून कुणी उठवतं का म्हणून. मी कुणाचं ऐकलं नाही. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. रक्तदाब बघून डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं. म्हणाल्या, वेळेत आणलंत. वहिनी तिथे बरेच दिवस राहिली. बाळ लवकर काढावं लागलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पण दोघंही घरी आली. पुतण्या आता दहा वर्षांचा आहे. घरात अजून सांगतात — आत्यामुळे वाचलास बरं का. तो मला दरवर्षी वाढदिवसाला वाकून नमस्कार करतो.

एकच दिवस. एकच तालुका. तीन तासांचं अंतर. तोच अंगठा. मला कळत नव्हतं असं मी कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. नर्सबाईंचा नंबर फोनवर काढला होता. वहिनीला सलाईनमधून औषध चालू होतं आणि मला संगीताचं डोक्याला बांधलेलं फडकं दिसत होतं. का नाही लावला फोन? कारण त्या विचारणार — चिठ्ठी दिलीत ना? कालच का नाही कळवलं? आशाताईला का नाही बोलावलं? आणि टॅबलेटमध्ये तर 'हो' जाऊन बसलं होतं. नोकरीला चार महिने झाले होते माझ्या. मी फोन पर्समध्ये टाकला, पर्समधली चिठ्ठी काढली, बाथरूममध्ये जाऊन बारीक तुकडे केले आणि पाणी सोडलं.

त्यानंतर सात दिवस होते. सात. त्यातला कुठलाही एक चालला असता.

पुढच्या रविवारी सकाळी संगीताला झटके आले. वाडीतल्या माणसांनी तिला चादरीच्या झोळीत घालून घसरड्या वाटेने खाली आणलं. ढाब्याच्या मालकाने टेम्पो दिला. पण रविवार होता, पाऊस थोडा उघडला होता, आणि घाटात सहलीच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लागल्या होत्या. माणसं रस्त्यात उभी राहून फोटो काढत होती, कणसं खात होती. किसन टेम्पोतून उतरून पुढे पळत होता आणि एकेका गाडीच्या काचेवर हात मारून वाट मागत होता. हे मी पाहिलेलं नाही, त्याने सांगितलं. पौडच्या अलीकडे ती गेली. पोटातलंही.

आमच्या पाहणीत प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हायची. भाग माझा, म्हणून जाणं मलाच आलं. सोबत आमच्या मॅडम होत्या. चांगल्या बाई, मनापासून काम करणाऱ्या. आम्ही किसनच्या घरात पोत्यावर बसलो. मॅडमनी खाली पाहून माझी नोंद वाचली आणि हळू आवाजात विचारलं, "चिठ्ठी दिलेली होती. दवाखान्यात जायला सांगितलं होतं. मग नेलं का नाही?"

किसनला काही समजेना. तो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"चिठी? मला न्हाई कुनी दिली. म्या तर ढाब्यावं व्हतो." मग तो पूर्ण माझ्याकडे वळला. "ताई, तुमी दिलीवती का?"

आता ऐका. याच्यासाठी एवढा वेळ घोटाळते आहे मी. चिठ्ठी दिली नाही, फोन केला नाही, ते सगळं आहेच. पण माझी खरी चूक — चूक कसली — माझं पाप या ठिकाणी आहे. त्या माणसाने मला ताई म्हटलं होतं. त्याचा माझ्यावर काडीचा संशय नव्हता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले,

"हो. संगीताच्या हातात दिली होती."

मेलेली बाई नाही म्हणायला येणार नव्हती.

हौसाबाई चुलीपाशी बसली होती. तिच्या पदराला धरून ती मुलगी. मुलगी मला बघून म्हणाली, "ह्या ताईनं मला गोळी दिलीवती." मॅडम हलकंसं हसल्या. तिने त्या दिवशी सगळं पाहिलं होतं. पण चार वर्षांच्या पोरीला पुढचं कोण विचारतंय?

किसनने मात्र आईला विचारलं. "आये, कागद पडल्याला व्हता का गं हितं?"

"पडत्यात की कागद," म्हातारी म्हणाली. "पावसापान्यात चूल पेटती व्हय? हाताला यील त्ये घालते म्या."

किसन आईकडे बघत राहिला. त्या बघण्यात मी एका माणसाची आई त्याच्यापासून काढून घेतली, आणि मला ते घडताना दिसलं. मी अजूनही बोलू शकले असते. मॅडम लिहीत होत्या. मी पेनाच्या टोकाकडे बघत बसले.

नोंद झाली — सल्ला मिळूनही उपचार घेतले नाहीत. कुटुंबातील ज्येष्ठ महिलेचे अज्ञान.

त्या नोंदीचं पुढे बरंच झालं. अहवालात ती एका चौकटीत आली, नाव बदलून. मला बढती मिळाली. पुण्यात एक मोठी सभा भरली, इतर देशांत अशीच पाहणी करणारे लोक आले, आणि ती हकीकत मी त्यांच्यापुढे मांडली. श्रीलंकेची एक वयस्क सुईण पुढच्या रांगेत बसली होती. त्यांचा देश काही फार श्रीमंत नाही, पण तिथे बाळंतपणात बाया फारशा मरत नाहीत. तिने विचारलं, "आमच्याकडे अशी बाई दिसली की सुईण तिच्या सोबत जाते. तुमच्याकडे चिठ्ठी एकटीच जाते का?"

मी उत्तर दिलं. रस्ता नसल्याचं सांगितलं, पाऊस सांगितला, निरक्षरता सांगितली, नवऱ्याची मजुरी बुडण्याची भीती सांगितली. सगळं खरं होतं. दारिद्र्याने माणसं मरतात हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्या खऱ्यात माझं खोटं कुणाला दिसलंही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती सुईण माझ्याकडे बघत होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, ते मी पाहिलं नाही.

नंतर कितीतरी वर्षं मी हेच उदाहरण वर्गात शिकवलं. मुलं वहीत लिहायची — सासूचा अडाणीपणा. मी बरोबरची खूण करायचे.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी पुन्हा ताम्हिणीला गेले. ढाब्यावर चहा प्यायला थांबलो तर किसनच समोर आला. केस पांढरे झालेले. आता तो भांडी घासत नाही, भट्टीवर असतो. त्याने मला ओळखलं. खुर्ची पुसून दिली. मुलगी पौडला मावशीकडे राहते, शाळेत जाते, म्हणाला. दुसरं लग्न केलं नाही.

मी आईचं विचारलं.

"ग्येली, औंदाच्या उन्हाळ्यात." चहाचं आधण ठेवत म्हणाला, "बोलत न्हवतो म्या तिच्याशी. पडवीला येगळी ऱ्हायची, येगळं रांधून खायची. आदी म्हनायची, म्या न्हाई बगितली चिठी. मग पुढं पुढं तीच म्हनाया लागली, आसंल बाबा, म्याच घातली आसंल चुलीत. शेवटाला तर येकच धरून बसली. चिठी कसल्या रंगाची व्हती, इचार कुनाला तरी. रंग कळला तर मला याद यील, म्हनायची."

चहा उतू चालला होता. त्याने गॅस बारीक केला. मग माझ्याकडे बघून विचारलं — सहज, इतक्या वर्षांनी जाणकार माणूस भेटलंय म्हणून —

"कसल्या रंगाची व्हती वं, ताई?"

माझ्यासोबतचे लोक गाडीत बसले होते. आसपास कुणी नव्हतं. दुपार होती, पाऊस नव्हता, मला कुठेही पोचायची घाई नव्हती. नोकरी आता कुणी काढून घेणार नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीची एकही सबब त्या दिवशी माझ्याकडे नव्हती.

"गुलाबी," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "गुलाबी," असं एकदा स्वतःशी म्हणाला, आणि कपात चहा ओतला. तो मी प्यायले.

किसनला वाचता येत नाही. हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असतानाच मी हे लिहिलं आहे.